निळी टिकली

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरून उभा आहे असं समज. बाबांना फोनवरचं ऐकू येत नाही, त्यामुळे माझी पत्रं दुकानात मोठ्याने वाचली जातात आणि वाचणारी चिमी असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून चिमे, घसा साफ कर आणि पुढचं नीट वाच. आज तुझ्या मामाची टिकली आली!

आमची खोली तळघरात आहे, खिडकी नसलेली. दारावरचा लाल दिवा पेटलेला असला की गॉगल चढवल्याशिवाय आत यायचं नाही. आत एक मोठं पोलादी टेबल आणि त्यावर ओळीने आरसे. लेसरचा प्रकाश या आरशांवरून उड्या मारत शेवटी एका स्फटिकावर पडतो. स्फटिक नखापेक्षा लहान आणि नखापेक्षा पातळ.

आता झोका आठव. हळू ढकलला तर गुमान जातो, गुमान येतो. पण एखाद्या दांडगटाने जीव खाऊन ढकलला तर वरच्या कड्या खडखडतात. झोका एकदा जाऊन येईतो कड्या तीनदा, पाचदा, सातदा वाजतात. आमचा लेसर म्हणजे तो दांडगट. क्षणाच्याही बारीक तुकड्यात तो स्फटिकाच्या आतल्या इलेक्ट्रॉनांना असा हिसका देतो की आतून नवाच प्रकाश बाहेर पडतो, तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचा. आत जाणारा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. तिप्पट झालेला मात्र निळा दिसतो, पांढऱ्या कार्डावर मोहरीएवढा. त्याला आम्ही टिकली म्हणतो. टिकली दिसली की समजायचं, सगळं जागच्या जागी आहे.

मला हवा आहे तो त्याच्या खूप वरचा, पंधरापट-सतरापट कंपनांचा प्रकाश. तो दिसत तर नाहीच, वर हवाच त्याला गिळते. म्हणून स्फटिक पोलादी डब्यात ठेवून आतली हवा उपसावी लागते. असा प्रकाश आजवर बहुतेक वायूंतून काढत आलेत, आम्हाला तो घट्ट, हातात धरता येईल अशा पदार्थातून हवा आहे. जोर कमी पडला तर प्रकाश नाही, जास्त झाला तर स्फटिक जळतो. चांगला स्फटिक आता एकच उरला आहे आणि मार्चअखेरीस लेसर दुसऱ्या गटाकडे जाणार. तीन वर्षांची मेहनत आहे ताई, जीव टांगणीला लागला आहे.

गंमत म्हणजे गॉगलमधून टिकली दिसत नाही. नियमाने कॅमेरा लावून पडद्यावर बघायची, पण त्या कटकटीला कोण थांबतं! सगळे क्षणभर गॉगल कपाळावर सरकवतात, टिकली बघतात आणि पुन्हा खाली ओढतात. मी रुजू झालो त्या दिवशी मलाही अशीच दाखवली होती. ती पाहिली की माणूस इथला झाला.

१४ मार्चला प्रयोगशाळा पाहुण्यांना खुली असते. शाळांतली मुलं येतात. तू चिमीला घेऊन ये. मामा टिकली दाखवेल, शब्द दिला.

कळावे. लोभ आहेच, त्याला घड्याळासारखी रोज किल्ली देत राहावी ही विनंती.

तुझा धाकटा,
बंड्या

---

दि. ११ फेब्रुवारी

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात वाचून झालं. चिमीने ते इतक्या ठसक्यात वाचलं की घड्याळाचा पट्टा बदलायला आलेले एक गृहस्थ पट्टा विसरून ऐकत बसले. बाबा मात्र शेवटी एवढंच म्हणाले की डोळ्यावर घातलेली वस्तू काम संपेपर्यंत काढायची नसते. त्यांचं तुला माहीतच आहे. सगळा जन्म उजव्या डोळ्याला भिंग लावून बसण्यात गेला. आता दुकान मी चालवते, तरी ते समोर स्टूल टाकून बसतात आणि माझ्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरला सूचना देतात.

पण या बाबतीत मीही त्यांच्या बाजूने आहे. कॅमेरा लावायचा कंटाळा हे काही कारण झालं का? लहानपणी शेजाऱ्यांचं गजराचं घड्याळ उघडायला निघालास तेव्हाही झाकण धरून ठेव म्हटलं तर ऐकलं नव्हतंस. ती स्प्रिंग कपाटामागून अजून सापडलेली नाही.

चिमीने पोहायच्या चष्म्याला काळा कागद चिकटवून गॉगल केला आहे. तो घालून ती घरभर धडपडते. शाळेत सगळ्यांना सांगून झालं की माझा मामा प्रकाशाला हिसका देतो. तिचा एक प्रश्न आहे आणि उत्तर पत्रातच हवं: तीन, पाच, सात येतात तर चार, सहा, आठ का येत नाहीत? मला विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बोट दाखवून मोकळी झाले.

१४ तारखेची बसची तिकिटं काढली आहेत. जेवतोस ना वेळेवर? तुझा तो मित्र, ज्याला तुम्ही कासव म्हणता, तो तरी जेवतो का?

बाकी क्षेम. आशीर्वाद आहेतच, ते घेताना गॉगल काढायची गरज नाही.

तुझी,
ताई

---

दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. काम जोरात आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

हवा होता तो प्रकाश दिसला. म्हणजे डिटेक्टरला दिसला. पडद्यावर एक बारीक रेघ आली, तिच्यावर दुसरी, अगदी टोकाला सतरापटीची. कासवाने मला उचललं. बाईंनी, म्हणजे आमच्या मार्गदर्शक बाईंनी, चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि म्हणाल्या की असंच आणखी दोन वेळा आलं तरच खरं धरायचं. एकदा आलेलं कोणी मानत नाही. तेव्हा आता तेच चाललं आहे.

चिमीला यंदा आणू नकोस. खोली लहान आहे, गर्दी फार होते आणि मला तिच्याकडे बघायला वेळ मिळणार नाही. टिकलीत तरी बघण्यासारखं काय आहे, एक ठिपका. पुढच्या वर्षी बघू.

ओळी वेड्यावाकड्या आल्या असतील. टेबल डुगडुगतं आहे. सायकल ठेवून दिली, हल्ली चालतच जातो. काल चहा कपात ओतायचा तो बशीत ओतला आणि कासव हसून हसून बेजार झाला.

बाबांना एक विचार. भिंग नेहमी उजव्या डोळ्याला लावायचे, पण कधी डाव्याला लावून काम केलं आहे का? जमतं का तसं? इथे असाच वाद झाला, म्हणून विचारतो.

लोभ असावा.

बंड्या

---

दि. २ मार्च

चि. बंड्यास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राने घरात काय झालं ते सांगते. चिमी अर्ध्यावर वाचून थांबली, तिने पत्र माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन तो काळ्या कागदाचा गॉगल पलंगाखाली टाकून आली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. आजवर तिचा एकही प्रश्न तू अनुत्तरित ठेवलेला नाही, म्हणून मी पत्र पुन्हा पाहिलं.

तीन वर्षं ज्याच्यासाठी रक्त आटवलं तो प्रकाश दिसला आणि ती बातमी तू पोस्टमनने पाकीट टाकावं तशी टाकून पुढे गेलास. सायकल ठेवून दिलीस. तू! घरून निघताना कपडे कमी कर पण सायकल नेणारच म्हणणारा तू. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, दोन ठिकाणी कागद संपला तरी तुझं लिहिणं संपलेलं नाही. आमचं टेबलही डुगडुगतं, पण माझ्या ओळी सरळ येतात.

उरलेलं पत्र मी वाचून दाखवलं. भिंगाचा भाग आला तेव्हा बाबांनी हात वर करून थांबवलं आणि तो पुन्हा वाचायला लावला. मग कानामागे हात धरून तिसऱ्यांदा. हातातलं घड्याळ त्यांनी खाली ठेवलं. मला म्हणाले, त्याला एवढंच लिही, बाकी काही लिहू नको: कुठला डोळा?

मी बाकीचंही लिहिलं, कारण मी त्यांची मुलगी असले तरी त्यांच्यासारखी नाही. उलट टपाली उत्तर पाठव. नाही आलं तर १४ तारखेची तिकिटं अजून माझ्याकडेच आहेत. चिमीला घेऊन तुझ्या दारात उभी राहीन.

तुझी,
ताई

---

दि. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

हे पत्र दुकानात वाचू नकोस. चिमीच्या हाती तर मुळीच देऊ नकोस.

उजवा.

मी टिकली बघत होतो. डब्याचं झाकण उघडं होतं, स्फटिक फिरवून बसवायचा होता. कोनाप्रमाणे टिकली मोठी-लहान होते आणि नेमका कोन सापडायला वेळ लागत होता, म्हणून या वेळी गॉगल क्षणभर नाही, चांगला वर चढवून ठेवला होता. स्फटिक धरणारा स्क्रू सैल होता. माझ्या बोटाने स्फटिक जरासा कलंडला आणि मी तेव्हाच वाकलो. त्याच्यावरून परतलेला प्रकाश डोळ्यात गेला असणार. असणार म्हणतो, कारण तो दिसत नाही. दुखलं नाही. टक असा बारीक आवाज झाल्यासारखं वाटलं, कानात की डोक्यात कोण जाणे. मग मधोमध एक करडा डाग आला, काचेवर अंगठा उमटावा तसा. मला वाटलं जाईल. गेला नाही. उजव्या डोळ्याने तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतील, केस दिसतील, तोंड दिसणार नाही.

कासव तेव्हा पंप बघायला बाहेर गेला होता. तो आत आला तेव्हा मी गॉगल ओढलेला होता. झाकण लावलं, हवा उपसली आणि त्याच दिवशी दुपारी ती सतरापटीची रेघ आली. मी ती एक डोळा मिटून पाहिली. सगळ्यांना वाटलं आनंदाने रडतोय.

डॉक्टरकडे गेलेलो नाही, तो कसं झालं म्हणून विचारणार. सांगितलं तर खोलीला कुलूप लागेल. चौकशी होईल आणि तेवढ्यात मार्च संपेल. एकदा आलेली रेघ कुणी धरत नाही. माझं जाईल ते जाऊ दे, पण कासवाचं काम त्याच लेसरवर आहे, ते पुरं करायला त्याच्याकडे वर्षसुद्धा उरलेलं नाही. बाईंनी या खोलीसाठी किती उंबरे झिजवले ते मी पाहिलं आहे. तुझ्या पाया पडतो, महिनाअखेरपर्यंत गप्प राहा. मग मी आपणहून सगळं सांगेन.

आणि १४ तारखेला येऊ नका. त्या दिवशी मुलांना टिकली दाखवतात. कासव एकेकाला पुढे घेतो आणि गॉगल क्षणभर वर करायला सांगतो, गेल्या वर्षी मीही केलं होतं. यंदा मी तिथे उभा राहीन, जमेल तितकं बघेन. पण चिमी तिथे नको.

रागावू नकोस.

बंड्या

---

दि. ९ मार्च

चि. बंड्यास,

आशीर्वाद वगैरे शेवटी.

पत्र मी आतल्या खोलीत दार लावून वाचलं. आधी रडले. मग तुझा इतका राग आला की भांडी घासायला घेतली आणि एका पातेल्याचा कान तोडला. बाहेर आले तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. मी फक्त तू लिहिलेला शब्द सांगितला: उजवा. त्यांनी मान हलवली.

डोळा तुझा आहे. तो कसा आणि कधी दाखवायचा हे मी तुझ्यावर सोडलं असतं, कदाचित तुझ्या हातापाया पडून, पण सोडलं असतं. महिनाअखेरपर्यंत तोंड मिटून बसले असते. पण तुझ्या पत्राचा शेवट तूच पुन्हा वाच. चिमी तिथे नको, असं तू लिहिलं आहेस. म्हणजे तुला पक्कं कळलं आहे. कळलं नसतं तर गोष्ट वेगळी होती. मग ज्या मुलांच्या मामाने पत्र लिहिलं नाही, त्यांचं काय? त्यांच्या आया सकाळी त्यांची वेणी घालून, डबा देऊन पाठवतील. तू तिथे उभा राहशील म्हणतोस. कशाने बघशील रे? जो प्रकाश दोन चांगल्या डोळ्यांना दिसत नाही, तो एका डोळ्याने अडवशील?

मी बाईंना लिहिणार नाही. लिहायला बसले होते, मग कागद फाडला. मी लिहिलं तर तू माझ्यावर रुसून मोकळा होशील आणि जन्मभर म्हणशील की ताईने घात केला. हे तुझ्या तोंडून जायला हवं, १४ तारखेच्या आत. कासव बोलेनासा होईल, बाई वाईट वाटून घेतील, तुझी रेघ कोणी धरणार नाही. हे सगळं होईल, मी खोटं सांगून धीर देणार नाही. तरीही जा.

आणि आधी डॉक्टरकडे जा. आज ना उद्या नाही, आधी.

आणखी एक. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बाबांनी कपाटातून एक जुनं मनगटी घड्याळ काढलं, उजवा डोळा घट्ट मिटला, भिंग डाव्याला लावलं आणि उघडायला बसले. बारीक स्क्रू दोनदा हातातून निसटले, चिमीने जमिनीवरून वेचून दिले. मी विचारलं काय करताय, तर म्हणाले बघतोय, जमतं का. आजही बसले आहेत. इतका वेळ डोळा मिटून त्यांचं कपाळ दुखतं, पण ऐकत नाहीत.

चिमीने चित्र काढलं आहे, सोबत पाठवते. तिला मी काही सांगितलेलं नाही. ती म्हणाली की मामाची टिकली मला बघता आली नाही तर मी मामाला पाठवते.

आशीर्वाद. पोटभर.

तुझी,
ताई

---

दि. १६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दुकानातच वाचायचं, मोठ्याने, चिमीच्या तोंडून. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

तुझं पत्र आलं आणि मी खिशात घालून खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. बाई आत होत्या, कासव आत होता, दुसऱ्यांदा रेघ आणायची तयारी चालली होती. लाल दिवा पेटला होता. आत गेलो आणि सांगून टाकलं. मला वाटलं होतं की मुद्देसूद बोलेन, पण जे आधी तोंडात आलं ते एवढंच की परवा मुलांना आणू नका.

बाईंनी आधी लेसर बंद केला. मग सगळं विचारलं, मधे एकदाही आवाज चढवला नाही. त्यांनी माझा गॉगल हातात घेतला आणि म्हणाल्या की तुला पहिल्या दिवशी तो वर करायला मीच सांगितलं होतं. मला ते आठवत होतं, पण मी सांगितलं नसतं. त्यांनी तिथूनच वर फोन केला आणि दाराला कुलूप लावून घेतलं. किल्ली पटकन लागेना.

कासव माझ्याशी बोलला नाही. तो भिंतीसमोर उभा राहिला, एक डोळा झाकला आणि दिव्याच्या बटणाकडे बघितलं. मग दुसरा झाकला. असं कितीतरी वेळ करत होता. त्याचे दोन्ही डोळे चांगले आहेत, तपासून घेतले. अजून बोलत नाही. काल माझ्या टेबलावर चहा ठेवून गेला, कपात ओतलेला.

डॉक्टर म्हणाले की आत बरोबर मध्यावर भाजलेला ठिपका आहे. तो थोडा आकसेल, पूर्ण जाणार नाही. खात्रीचं औषध नाही. लवकर आलो असतो तर काही करता आलं असतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हे वाक्य माझ्याबरोबर राहील असं वाटतं.

खोली महिनाअखेरपर्यंत बंद आहे, म्हणजे माझ्यापुरती कायमची. लेसर दुसऱ्या गटाकडे जाईल. बाईंनी आमचा कोन, जोर, सगळं त्यांना देऊन टाकलं. ती रेघ आता त्यांच्या हातून येईल. मला वाईट वाटतं ताई, फार वाईट वाटतं. एकदा तरी पुन्हा बघायची होती.

१४ तारखेला मुलं आली. आम्ही त्यांना अंगणात नेऊन झोक्यावर बसवलं. दांडगट मी झालो. कड्या खडखडल्या की मुलं मोजायची. मग कॅमेऱ्यातून आधी टिपलेली टिकली भिंतीवर मोठी करून दाखवली. एका मुलीने चिमीचाच प्रश्न विचारला आणि मला शरम वाटली, म्हणून उत्तर आता देतो. चिमे, आपल्या स्फटिकाला डावं आणि उजवं अगदी सारखं असतं. डावीकडून ढकललं काय नि उजवीकडून काय, खडखडाट तसाच उठतो. या सारखेपणात चार, सहा, आठ एकमेकांना खोडून टाकतात आणि विषम तेवढे उरतात. ज्या पदार्थात डावं-उजवं सारखं नसतं, तिथे आठसुद्धा येतो.

तुझं चित्र भिंतीला लावलं आहे. पांढरा कागद आणि मधोमध निळी टिकली, तीही रंग दाबून दाबून भरलेली. सकाळी डावा डोळा झाकून तिच्याकडे सरळ बघितलं. टिकली नव्हती. कडेचा कागद होता, टाचण्या होत्या, मध्ये काही नाही. मग नजर थोडी बाजूला, टाचणीवर नेली, आणि टिकली आली. फिकी, पण निळी. सरळ बघितलं की जाते, बाजूला बघितलं की येते. मी रोज थोडा वेळ बाजूला बघायचा सराव करतो.

दुसरा डोळा तर शाबूतच आहे. त्याने हे पत्र लिहिलं, आणि बघ ताई, ओळी सरळ आल्या आहेत. टेबल डुगडुगतंच.

कळावे. लोभ होता म्हणून इथवर आलो, तो तसाच असू द्यावा.

आणि चिमे, आता आजोबांच्या अगदी कानाशी जा आणि मोठ्याने वाच: बाबा, जमतं. आता उजवा डोळा उघडा.

तुझा धाकटा,
बंड्या